एकच शब्द

कतारच्या हमद पोर्टवर कंटेनरचे सील तपासणारे ते गृहस्थ अंगोलाचे, अंबुंडू समाजाचे. माझ्यासारखीच त्यांचीही पन्नाशी उलटली आहे. प्रत्येक सील ते दोनदा ओढून पाहतात. जेवणाच्या सुट्टीत मालांजेला, आपल्या गावी, आईला फोन लावतात, समोरची एखादी वस्तू निवडतात आणि तिला किंबुंडूत, आईच्या भाषेत, काय म्हणतात ते विचारतात. मग तो शब्द मोठ्याने तीनदा घोकतात. पलीकडे म्हातारी खळखळून हसते, पण यांचे घोकणे थांबत नाही.

"आईची भाषा तुम्हाला येत नाही?" मी एकदा विचारले.

"वडिलांनी घरात तिला बंदी घातली होती. पोर्तुगीज बोलला तर पोरगा साहेब होईल, म्हणायचे. झालो ना साहेब! सील ओढतोय."

काल त्यांनी पाण्याची बाटली उचलली. "मेन्या. तुमच्याकडे?"

"पाणी."

माझ्या ओठांकडे पाहत त्यांनी तेही तीनदा म्हटले. "मुलगी बोलते ना तुमची भाषा?"

"बोलते," मी म्हणालो.

"मग तुम्ही माझ्या वडिलांपेक्षा शहाणे!"

मुलीला मराठी समजते. उत्तर मात्र ती इंग्रजीतच देते. शाळेतले इंग्रजी बिघडू नये म्हणून ती सवय मीच लावली. रात्रभर ते खोटे मला टोचत राहिले.

आज मी त्यांना खरे सांगितले. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. त्यांनी बाटली माझ्यापुढे ठेवली आणि माझाच फोन तिच्याशेजारी सरकवला.

"यल्ला, चला, लावा मुलीला," ते म्हणाले, "शाळा सुटली असेल. एकच शब्द."