भांडण मालकाशी

चेन्नईत बँकेत होते तेव्हा गिंडीच्या लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, एक बाई रोज समोर बसायच्या. नाव कधी विचारलं नाही. मी अक्का म्हणायचे. त्यांच्या पदराला काकवीसारखा आंबूस वास यायचा, आणि मधूनच त्या स्वतःची बोटं हुंगायच्या. शेवटी मला राहवेना. विचारलंच.

"जंतू वाढवते," तंजावरी मराठीत, तमिळ हेल काढत त्या म्हणाल्या. भाताच्या मुळांना खत पुरवणारे जंतू. बाटलीभर विरजण मोठ्या टाकीत सोडायचं, काकवी पाजायची, हवा द्यायची; टाकीभर वाढले की भुकटीत मिसळून शेतकऱ्यांसाठी पुड्या भरायच्या. "वास बदलला की समजायचं, काहीतरी बिघडलं."

एका सकाळी त्यांनी आदल्या दिवशीचं सांगितलं. टाकीत बुरशी शिरली होती. कारखान्याचे मालक म्हणाले, पुड्या भरा, कोणाला दिसतंय? अक्कांनी वाफ सोडून टाकीतलं सगळं मारलं आणि टाकी रिकामी केली. मालकांनी त्यांना तिथल्या तिथे कामावरून काढलं.

"मग आज कुठे निघालात?"

"तिथेच. मूळ विरजण फ्रीजमध्ये आहे. आज नव्या नळीत, ताज्या खाद्यावर घातलं नाही तर मरेल."

"पण अक्का, त्यांनी तुम्हाला काढलंय!"

"अय्यो, माझं भांडण मालकाशी. जंतूंशी काय?"

बँकेला उशीर होत होता, तरी मी त्यांच्या मागोमाग कारखान्यापर्यंत गेले. वॉचमन घुटमळला आणि त्यानं वर पाहिलं. मालक गॅलरीत उभे होते. त्यांनी अक्कांकडे क्षणभर पाहिलं आणि तोंड फिरवून ते आत गेले.

वॉचमननं दार उघडलं.