वाडीच्या पेजवरची काळी चौकट

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक फोटो टाकला. भात कापून झालेल्या खाचरात वाडीची पोरं व्हॉलीबॉल खेळत होती आणि आम्ही बांधावर बसलो होतो. तिनं फोटो काढला, मी शब्द लिहिले. कामाची वाटणी अशीच होती. तिला अक्षर येत नव्हतं आणि मला फोटो येत नव्हता. मी काढला की माणसांची डोकी कापली जायची. ती म्हणायची, ह्यांच्या हातात फोन दिला तर सगळी वाडी बिनमुंडक्याची दिसेल. मी चौथीपर्यंत शिकलेला. एकेक अक्षर शोधून दाबायचो. त्या दिवशी ती सांगत होती, "लिवा, आमची पोरं महाडच्या सामन्याला चालली." तेवढं लिहून मी विचारलं, पुढं काय. ती म्हणाली, "पुढं काय असतंय? बघायला या म्हणावं." मी तेवढंच लिहिलं. मग घरी आलो. तिनं भाकऱ्या थापल्या, सुक्या बोंबलाचं कालवण होतं. जेवलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. ते सांगतोच, पण आधी पेजचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या अंगाला, डोंगरात. सगळी घरं एकाच भावकीची. निम्म्या घरांना कुलपं, माणसं मुंबईला. मागं राहिलो आम्ही म्हातारे आणि कुठं काम न लागलेली पोरं. त्या पोरांनी एका साली माझ्या खाचरातली धसकटं उपटली, ढेकळं फोडली, जमीन चोपून मैदान केलं आणि दोन बांबू रोवून जाळी बांधली. मला न विचारता. मी शिव्या घालायला निघालो तर ही दारात आडवी आली. म्हणाली, खेळू दे त्यांना. ही पोरं पण मुंबईला गेली तर आपल्याला उचलायला खांदा कोणाचा आणणार?

मे महिन्यात नात आली होती. तिनं आजीच्या फोनवर वाडीच्या टीमचं पेज काढून दिलं. फोटो टाकायचा, खाली दोन शब्द लिहायचे, मग तो जगाला दिसतो. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ. पण ही हट्टाला पेटली. अक्षर कळत नव्हतं तरी कुठलं चिन्ह दाबलं की काय होतं ते तिनं पाठ केलं, जसं चुलीत कुठलं लाकूड कधी सारायचं ते पाठ असतं. रोज संध्याकाळी खाचराकडं जायची. उन्हाकडं पाठ करून बसायची. पोरगा उडी मारून बॉल ठोकतो त्या घडीला बरोब्बर दाबायची. पोरं म्हणायची, आजी, आमच्यापेक्षा तुझा टायमिंग भारी.

मुंबईतल्या आमच्या माणसांनी ते फोटो बघितले. त्यांना खेळाचं एवढं काही नव्हतं. ते खाली लिहायचे, हा आमचा आंबा, हा आमचा बांध, मागं दिसतंय ते आमचं घर. कोणी तरी विचारलं, पोरं फाटक्या बनियनवर का खेळतात? मग जर्स्या आल्या. खालच्या नाते गावच्या लोकांनी पेज बघून सामन्याला बोलावलं, तिथं पोरं जिंकली. आणि मग महाडच्या मंडळाचं बोलावणं आलं. मोठा सामना, लाईट लावून, माणसं बसायला पायऱ्या. आमच्या वाडीला लग्नाची पत्रिका सोडली तर खालून कधी कोणी बोलावलं नव्हतं.

एकदा मी तिला विचारलं होतं, तुला ह्यातून काय मिळतं? वाल सोलता सोलता म्हणाली, "तळीये झालं तेव्हा टीव्हीवर डोंगरातल्या वाड्यांची नावं आली. दरड आली की आपलं नाव घेतात. जित्यापणी पण घेऊ दे की." मग परत वाल सोलायला लागली.  

पोरांचं आपसात ठरलं होतं. महाडला चांगलं खेळलो तर पुढं बोलावणी येतील, टीम ठेवायची. नाही तर शिमगा झाला की मुंबई. म्हणजे त्या सामन्यावर सगळं होतं.

आता ती गेली त्याचं. दुपारी ओटीवर बसली होती. छातीत दाबतंय म्हणाली. पाणी दिलं, ते तसंच राहिलं. पोरांनी खुर्चीत बसवून तिला खाली रस्त्यापर्यंत उतरवलं आणि जीपमध्ये घातलं. पोलादपूरच्या दवाखान्यात सांगितलं, महाडला न्या. तिनं माझं मनगट धरलं होतं. महाडच्या अलीकडं तिचा हात सैल झाला. मी ड्रायव्हरला म्हटलं, हळू चालव आता, घाई नाही.

तिला उचलणारे खांदे त्याच पोरांचे होते. मुलगा मुंबईहून पोचेपर्यंत सगळी तयारी त्यांनीच केली.

मुंबईला माझा एक पुतण्या आहे. पेजची चावी नातीनं त्यालाही दिलेली होती. त्यानं त्याच दिवशी पेजवर हिचा फोटो टाकला. कुठल्या तरी लग्नातला, गर्दीतून कापून काढलेला. भोवती काळी चौकट, दोन बाजूंना समया, वर भावपूर्ण श्रद्धांजली. आणि खाली, शोकाकुल, समस्त वाडी आणि व्हॉलीबॉल संघ. पोरगा वाईट नाही. आपल्याकडं माणूस गेलं की असंच करतात, नाक्यावर बॅनर लावतात तसं.

पण आपल्याकडं वाचणाऱ्यालाही त्याचा अर्थ कळतो. एक वाडी म्हणजे एक भावकी, आणि एका भावकीला एकच सुतक. दहा दिवस देवाला हात लावायचा नाही, कुणाकडं जेवायचं नाही, मग खेळायचं कुठून? महाडच्या मंडळानं ती चौकट बघितली, हात जोडले, खाली दोन चांगले शब्द लिहिले आणि आमची टीम काढून टाकली. दुसऱ्या गावाला सांगावा धाडला. आम्हाला विचारलं नाही. कसं विचारणार? मयताच्या घरी फोन करून खेळता का म्हणून विचारतो का कोणी? कोणाचीच चूक नव्हती. सगळे रीतीनं वागले आणि पोरं बाहेर पडली.

मला हे राख सावडली त्या दिवशी कळलं. आम्ही सावित्री नदीवरून परत आलो होतो. टीमचा कॅप्टन अंगणात उभा होता, बसत नव्हता, जात नव्हता. मी दरडावून विचारल्यावर त्यानं सांगितलं. म्हणाला, जाऊ दे आबा, आता काय ते. मी त्याला म्हटलं, ते फोटोचं दाखव. त्यानं फोन पुढं केला. ती चौकटीत हसत होती. ज्या बाईनं सगळ्या वाडीचे फोटो काढले तिचा त्या पेजवर एकच फोटो, तोही हा.

पुतण्याला फोन लावायला सांगितला. मी म्हटलं, "तो काढ."

"काका, अहो किती लोकांनी हात जोडलेत बघा तरी."

"हात जोडायला घरी ये. आधी तो काढ."

मग महाडच्या माणसाशी बोललो. भला माणूस वाटला. हळू बोलत होता. म्हणाला, दुसऱ्या गावाचा होकार अजून आलेला नाही, उद्या दुपारपर्यंत जागा ठेवतो. पण सुतकातल्या पोरांना आम्ही खेळवलं असं लोकांनी म्हणू नये. घरच्या माणसानं त्याच पेजवर उघड सांगावं, मग आमच्यावर बोट येणार नाही.

संध्याकाळी भावकी अंगणात बसली. मी विषय काढला. माझा चुलतभाऊ भावकीत वडीलधारा, रीतभात त्याच्याच तोंडी. तो म्हणाला, दहा दिवस बॉलला हात लावायचा नाय, मग तुमचं काय ते करा. दहा दिवसांनी सामना संपलेला असणार, हे त्यालाही माहीत होतं.

मी त्याला विचारलं, माझा बाप मेला तेव्हा लावणी चालू होती, आठवतं का? राख सावडली आणि तू नि मी चिखलात उतरलो. तेव्हा सुतक कुठं गेलं होतं?

"तेव्हा रोप थांबलं असतं का रे?" तो म्हणाला. "ते पोटाचं हाय. हा खेळ हाय."

"ही पोरं शिमग्याला मुंबईला गेली की तुझी लावणी कोण करणार, ते सांग."

तरी तो हो म्हणाला नाही. बाकीचे जमिनीकडं बघत होते. कोणी तरी हळूच म्हणालं, लोक नाव ठेवतील, म्हातारी जाऊन चार दिवस झाले नाहीत आणि ही पोरं उड्या मारतात. मला राग आला. पण माझ्या आधी माझी वहिनी बोलली, हिची मोठी जाऊ. आयुष्यभर दोघींचं पटलं नाही, विहिरीवरून भांडायच्या, माळ्यावरच्या लाकडांवरून भांडायच्या. ती दाराआडून म्हणाली, "मेली ती. पोरं नाय मेली. तिला इचारलं असतं तर तिनं तुम्हालाच मैदानात हाकललं असतं."

 चुलतभाऊ उठला, टोपी झटकली आणि म्हणाला, "तुझं घर, तुझं सुतक. तू बघ." आमच्याकडं ह्याच्यापुढं कोणी होकार देत नाही. हाच होकार.

सकाळी मी खाचरात गेलो. दव पडलं होतं. पोरं बांधावर रांगेनं उभी होती, जाळीचा गुंडाळा खाली पडलेला, पण कोणी शिवत नव्हतं. मयताच्या घरच्यानं आधी हात लावल्याशिवाय त्यांना धीर होईना. मी गुंडाळा सोडला. एक टोक एका बांबूला बांधलं, दुसरं दुसऱ्याला. गाठी मला येतात, जन्मभर बैलं बांधली. जाळी मधे ढिली पडली होती, ती परत ओढून बांधली. मग पोरांना आत बोलावलं. मुलाला सांगितलं, आमचा सगळ्यांचा फोटो काढ. मी बांबूला धरून उभा राहिलो, पोरं जर्सी घालून बाजूला.

शब्द मी लिहिले. वेळ लागला. लिहिलं ते असं. माझी बायको वारली. सुतक माझं आहे. पोरांना मी खेळायला सांगितलं आहे. पोरं महाडला येत आहेत.

मुलानं वाचलं आणि म्हणाला, बाबा, जरा बरं लिहा की. मी म्हटलं, कळतंय ना? मग टाक.

पोरांनी बॉल उडवला. पहिला आवाज झाला तेव्हा मला तिथं उभं राहवेना. मी घराकडं निघालो. अर्ध्या वाटेवर कॅप्टन पळत मागून आला, फोन माझ्यापुढं धरला. महाडहून उत्तर होतं. एवढंच लिहिलं होतं, या.

मी त्याला म्हटलं, जा, खेळ. मग घरात गेलो. तिला ठेवली होती त्या जागेवर दिवा लावलेला असतो, तो दहा दिवस विझू द्यायचा नसतो. वात चरचरायला लागली होती. मी खाली बसलो आणि त्यात तेल घातलं.