विकलेल्या गाडीचे मेसेज

नशिराबादला भाड्याची गाडी चालवणारी बाई म्हटलं की बेबाबाईच. माझी मोठी जाऊ, माहेर शिंदखेड्याचं. स्टिअरिंगवर हात असला की फोनला शिवत नाही, मग देव का फोन करेना. तिच्या याच शहाणपणानं त्या दिवशी माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

कानबाईच्या सणासाठी बहिणीला आणि तिच्या पोरांना आणायला ती सकाळीच शिंदखेड्याला निघाली. मी नैवेद्याच्या रोटांची कणीक मळत होते, तोच जळगावहून रूपलचा फोन आला. तिच्या वडिलांनी, अभयकुमार शेठजींनी, ही गाडी गेल्या वर्षी आम्हाला विकलेली.

"काकू, कंपनीनं या गाड्या दुरुस्तीला बोलावल्यात. ब्रेकचा पाइप फुटू शकतो. बाबांना कधीपासून मेसेज येतायत, आजचा माझ्या नजरेस पडला."

शेठजींच्या घरात रीत अशी, की विकलेल्या वस्तूकडे वळून बघायचं नाही. मेसेज आले की न वाचताच पुसायचे. असं डोकं फिरलं माझं. रीत सांभाळता, आणि इथे माझी जाऊ त्याच गाडीत बसलीय.

भांडायला वेळ कुठे होता? बेबाबाईला फोनवर फोन लावले, उचलेल तर शपथ. मग आठवलं, अमळनेरच्या अलीकडे गुंताबाईचं भज्यांचं दुकान आहे. तिला फोन करून म्हटलं, "अक्का, बेबाबाईची गाडी दिसली की थांबव. काहीही कर." या धांदलीत शेगडीवरचं दूध उतू गेलेलं कळलं नाही.

गुंताबाई झारा घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि लांबूनच हलवत सुटली. बेबाबाईनं ब्रेक दाबला. गाडी दुकान ओलांडून पार पुढच्या बाभळीपाशी थांबली.

"माले काय व्हयनं? गाडी बठ्ठी चांगली शे," ती फोनवर माझ्यावरच डाफरली. तिचा आवाज ऐकून मी कणकेच्या हातांनीच डोळे पुसले.

शोरूमची माणसं गाडी ओढून घेऊन गेली. पाइपला चीर पडलेली, तेल गळत होतं. नवा पाइप फुकट बसवला. तिथला जितेंद्र म्हणाला, "मालक बदलला तरी कंपनीची जबाबदारी गाडीबरोबर जाते. जुनी गाडी घेतली की चेसिस नंबर घेऊन आधी शोरूमला विचारा, आणि मेसेजसाठी तुमचा मोबाइल नोंदवा."

संध्याकाळी शेठजी माफी मागायला आले. मी पदर खोचून तयारच होते. पण बेबाबाईनं आधी स्वतःचा फोन हातात घेतला. तिनं तिची आधीची गाडी जामनेरच्या अभिमनला विकली होती. त्या गाडीचे मेसेज अजून तिच्याच फोनवर येतात, आणि तीही ते न वाचताच पुसते.

तिनं तिथल्या तिथे फोन लावला. अभिमननं उचलला, मागे इंजिनाचा आवाज येत होता.

"गाडी बाजूले ले भाऊ," बेबाबाई म्हणाली. "मंग मी सांगस."