पांढऱ्या पाठीचा नेचा

आष्टीकडच्या एका टेकडीवर खडकाच्या भेगेत हा नेचा सापडला. मातीसकट उचलून मी तो सावंगीच्या आमच्या बाल्कनीत कुंडीत लावला. पान वरून हिरवं, उलटलं की पाठ पीठ माखल्यासारखी पांढरी. अशा नेच्यांत पानाची कड आत दुमडते, ओठ मिटावा तशी, आणि त्या ओठाखाली बीजाणू पिकतात. जात ठरवायची तर ओठ सलग की फाटका, पीठ पांढरं की पिवळसर, हे पिकल्या पानावरच बघावं लागतं. म्हणून मी थांबले होते. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून घरी यायचं, पोळ्या लाटायच्या आणि भिंग घेऊन कुंडीपाशी बसायचं. निवृत्तीआधी एवढं एका जातीचं शास्त्रीय वर्णन स्वतःच्या हातून पुरं व्हावं, बाकी कशाचा सोस उरला नव्हता.

त्याच सुमारास वडनेरहून सासरे आमच्याकडे राहायला आले. गुडघे गेले म्हणून वावर ठोक्यानं दुसऱ्याला कसायला दिलेलं. जन्मभर कपाशी केलेला माणूस आता दिवसभर खुर्चीत. घरात कोणी असं गप्प बसलं की मला कामापेक्षा त्याचाच शीण येतो.

एका संध्याकाळी मी कॉलेजातून आले तर स्वारी कुंडीपुढे स्टूल टाकून बसलेली. शेजारी साबणाचं पाणी. एकेक पान उलटं करून फडक्यानं पुसलेलं, पाठ पार हिरवीगार, कडाही चोळून सपाट.

“रोग लागला होता याले,” ते म्हणाले. “पार बुडापर्यंत. तुह्यं ध्यानच नाई. दुपारपासून पुसून राह्यलो मी.”

कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. “मामाजी, तो रोग नाही हो. त्याची पाठच पांढरी असते.”

त्यांचा चेहरा उतरला. फडकं तसंच हातात. “रोग नाई? मंग मी काय करू दिवसभर?”

ते रागावले नव्हते, खरंच विचारत होते. कुंडीत एकच पान पुसायचं राहिलं होतं आणि आता माझ्या वर्णनाची सगळी भिस्त त्याच्यावर होती.

“असेलही रोग,” मी म्हटलं. “मला तरी कुठं नक्की ठाऊक आहे?”

“तेच त सांगून राह्यलो,” असं म्हणत त्यांनी फडकं पिळलं आणि ते पान बोटांत अलगद उलटं धरलं.

मला रडू आलं नाही. नुसती झोप आली.