वाल्बोनाचे आजोबा

तिराना शहरातल्या जुन्या कम्युनिस्ट राजवटीच्या खुणा बाहेरगावच्या लोकांना पायी फिरून दाखवणं, हे वाल्बोनाचं काम. एका पिवळ्या इमारतीपाशी ती नेहमी सांगायची, "इथे पोलिसांचा मार सोसवेना, म्हणून माझ्या आजोबांनी मित्रांची नावं सांगितली." घरात सगळे तेच मानत, आजी त्या लाजेतच गेली.

एकदा त्या इमारतीसमोरच वरच्या मजल्यावर राहणारे म्हातारे स्कंदरकाका खाली आले. लोक पुढे गेल्यावर हळूच म्हणाले, "पोरी, चुकीचं सांगतेस. त्यांनी एकही नाव घेतलं नाही."

"तुम्हाला काय माहीत, काका?"

"मारणारा मीच होतो."

याच माणसाची वाल्बोना रोज खुशाली विचारायची! दुसऱ्या दिवशी तिथेच तिने खरी हकिकत मोठ्याने सांगितली, काकांच्या नावासकट. काका दारात ताठ उभे राहून ऐकत होते. कापत होता तो तिचाच आवाज.