माझ्या पुस्तकात असं काही नाही

इंग्रजी शिकवणारी बाई हुशार असते, असा खेड्यात एक गैरसमज असतो. तो मी कधी दूर केला नाही, कारण तो सोयीचा होता. भोकरदनला खोली करून मी हसनाबादच्या पलीकडच्या एका गावात शिकवायला जायचे. गावाचं नाव सांगत नाही. शाळेचंही नाही. चूक शाळेची नव्हती, माझी होती.

त्या गावचा एक जण अमेरिकेत डॉक्टर आहे. त्यानं एकदा शाळेला पुस्तकांचं खोकं पाठवलं. मुख्याध्यापकांनी नारळ फोडून ते उघडलं. आत शब्दकोश, विज्ञान असलं काही निघेल अशी सगळ्यांची समजूत. निघाल्या त्याच्या मुलीनं वाचून टाकलेल्या कादंबऱ्या. मुखपृष्ठावर केस मोकळे सोडलेल्या मुली, मागं चंद्र, नाहीतर कबरस्तान. मुख्याध्यापकांनी एक पुस्तक चिमटीत धरून उलटसुलट केलं, ‘मॅडम, हे तुमच्या खात्यातलं’ म्हणाले, आणि खोकं माझ्या गळ्यात पडलं.

खरं सांगायचं तर मी त्या वाचायला घेतल्या त्या नावं ठेवायलाच. बहुतेक एकाच वळणाच्या होत्या. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, राहते अमेरिकेत, पण आईबाप मूळचे मेक्सिकोकडचे. घरात स्पॅनिश, शाळेत इंग्रजी. आजी वर्षातून एकदा मेलेल्यांच्या फोटोंपुढे झेंडूची आरास करते, त्यांच्या आवडीचं रांधून ठेवते. आणि नातीला ती मेलेली माणसं खरोखरच दिसतात. एकीला मावशी स्वयंपाकघरात भेटते, दुसरी स्वतःच अंधार पडला की वाघीण होते. सोबत एक देखणा मुलगा असतोच. तो भाग मी वर्गात सांगताना गाळायचे.

कारण ऑफ तासाला नववीच्या मुलींना मी या गोष्टी सांगायला लागले होते. भुतांचं त्यांना नवल नव्हतं. भुतं गावात ढिगानं होती, प्रत्येक चिंचेला एक. त्यांना नवल वाटलं ते याचं, की मुलीला भूत दिसतं आणि तरी तिला कुणी वेडी ठरवत नाही, सगळी गोष्ट तिच्याच बाजूनं सांगितली जाते.

‘मॅडम, ही तर आपल्यातलीच हाय की,’ एक मुलगी म्हणाली. ‘हिला बी दिवे लागायच्या आत घरी यावं लागतं, अन् भाऊ बघा कसा मोकाट हिंडून राह्यला.’

माझी चूक झाली ती हिच्याच बाबतीत. बागायतदाराच्या घरातली, अक्षर मोत्यासारखं, बोलायला फटकळ. महिनाभरानं तिनं मला एक वही आणून दिली. तिनं स्वतः गोष्ट लिहिली होती, मराठीत. नायिका मेक्सिकोची नाही, आपल्याच गावची. घरात अहेव नवमी आहे. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं पितृपक्षात त्या दिवशी सवाष्ण जेवायला बसवतात, तिची ओटी भरतात. गोष्टीत सवाष्णीला वाढता वाढता नायिकेला दिसतं, की पाटावर ती शेजारीण नाहीच, आपली मेलेली चुलती बसली आहे. ओल्या लुगड्यानं. चुलती पोटभर जेवते, सगळ्यांना आशीर्वाद देते आणि जाते.

मी चाट पडले. चौदा वर्षांच्या पोरीनं त्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या अमेरिकेतल्या बायकांच्या तोंडात मारावीत अशी ती पानं होती. पण मी पडले मास्तरीण. कौतुक करून गप्प बसले असते तर मी कसली. मी म्हणाले, ‘शेवट मिळमिळीत झालाय. भूत एवढ्या लांबून आलं ते काय आशीर्वाद द्यायला? तिला काहीतरी बोलू दे. कुणीच बोलत नाही असं काहीतरी.’

तिनं माझ्या हातातून वही घेतली. ‘बोलू देऊ?’

‘बिनधास्त,’ मी म्हणाले.

मला माहीत नव्हतं, की तिच्या घरात खरोखरच एक चुलती विहिरीत गेली होती. दहा वर्षं झाली होती. गावानं आणि घरानं मिळून ‘पाय घसरला’ एवढं ठरवून टाकलं होतं आणि चुलत्याचं वर्षाच्या आत दुसरं लग्न झालं होतं. मी गावात राहत नव्हते. साडेपाचच्या जीपनं भोकरदनला पळायचे, मला कोण सांगणार? पण हेही खरं, की मी कधी विचारलंही नाही.

पितृपक्षात तिनं ती गोष्ट घरी वाचून दाखवली. तीही अहेव नवमीलाच. बायका जेवल्या, सुपारी कातरत ओसरीवर बसल्या, कुणीतरी म्हणालं, शाळेतलं काही वाच की. तिला वाटलं असणार, आता घरच्यांना कळेल आपण काय आहोत. मला तिच्या जागी तेच वाटलं असतं. वाचता वाचता ती नव्या शेवटाला आली. चुलती जेवून उठते, हात धुते आणि म्हणते, ‘माझा पाय घसरला नव्हता.’ तेवढंच. म्हणे आजीच्या हातातला अडकित्ता खाली पडला आणि जेवायला आलेली सवाष्ण ओटीतला नारळ तिथंच टाकून पळाली.

दुसऱ्या दिवशी आजी, बाप आणि चुलता असे तिघंही वही घेऊन शाळेत आले. विहिरीची हकीकत मुख्याध्यापकांनी मला व्हरांड्यातच गाठून सांगितली. चुलता संस्थेच्या अध्यक्षांच्या उठण्याबसण्यातला. माझ्या नोकरीला अजून मान्यता यायची होती आणि कागद अध्यक्षांच्याच टेबलावर होते. मुलगी दाराशी उभी होती. रडून रडून डोळे सुजले होते, पण ती मला पाहून जराशी सैल झाली. आता मॅडम आल्या, आता सगळं बराबर होईल, असं तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं.

‘मॅडम,’ बाप म्हणाला, ‘ही म्हणून राह्यली की हे पुस्तकातलं हाय. तुम्हीच सांगितलं म्हणते लिहायला. असंल तर तसं सांगा, आम्ही वही चुलीत घालतो अन् विषय मिटवतो. ही तवा चार सालाची होती. हिला काय ठावं त्यातलं?’

मुख्याध्यापक माझ्याकडं बघत होते. चुलता बघत नव्हता. तो भिंतीवरच्या नकाशाकडं पाहत होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं. ‘हो, मीच लिहायला सांगितलं, गोष्ट आहे ती.’ फार तर मला शिव्या बसल्या असत्या. फार तर नोकरी गेली असती, आणि गेली असती तर मी काय उपाशी मरणार होते? माहेर जालन्यात, भावाचं दुकान चालतं.

मी कानावर हात ठेवले. म्हणाले, ‘माझ्या पुस्तकात असं काही नाही. विहीर नाही, चुलती नाही. मी असलं काही लिहायला सांगितलं नाही.’

शब्दाला शब्द तोलला तर खोटं अर्धंच होतं. पुस्तकात विहीर नव्हतीच. पुढं कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत राहिले.

आजीनं कपाळावर हात मारून घेतला. ‘मंग तीच बोलून राह्यली हिच्या तोंडून! मी म्हणलं न्हाई का? तीच आलीय!’ आणि म्हातारी नातीच्या पाया पडायला धावली. चुलता खुर्चीवरून उठला तो सरळ बाहेर गेला. आपल्या पोरीला कान आहेत, डोकं आहे, घरात काय कुजबुजतात ते तिला दहा वर्षं ऐकू येत होतं, एवढी साधी गोष्ट त्या घरात कुणाला सुचली नाही. पोरीला भूत लागलंय हे मानणं त्यांना सोपं गेलं. त्यांचं काय सांगा, मला तर ठाऊक होतं, चुलतीला बोलायला मीच लावलं होतं.

मुलगी नुसती माझ्याकडं बघत होती, राग नाही, काही नाही. वर्गात मी फळ्यावर एखादं स्पेलिंग चुकीचं लिहिलं तर मुली बघायच्या तसं.

तिची शाळा सुटली. कुठल्याशा देवऋषीकडं तिला मंगळवारी मंगळवारी नेत, असं मुली सांगायच्या. लिंबू, धुपाटणं, केस धरून गदागदा हलवणं. नागरिकशास्त्रही माझ्याकडंच होतं; त्या तासाला याच मुलींना मी जादूटोण्याविरुद्धचा कायदा शिकवत होते, तोंड वर करून. दहावीच्या यादीत तिचं नाव आलं नाही. पुढं कळलं, घनसावंगीकडं दिली. माझी मान्यता आली. खोकं मी कपाटात मागं ढकललं आणि ऑफ तासाला व्याकरण घ्यायला लागले.

यंदा प्रशिक्षणासाठी चार दिवस घनसावंगीला गेले होते. सोबतच्या मॅडम म्हणाल्या, जवळच एका वस्तीवर एक बाई आहे, मेलेल्या माणसांशी बोलते, बिलकुल जागृत. जेवणाच्या सुट्टीनंतर आम्ही गेलो. मी गेले ते पुन्हा नावं ठेवायलाच. खोड जात नाही.

पत्र्याच्या मांडवात तीस-चाळीस बायका होत्या. पुढं ती बसली होती, कपाळभर कुंकू, केस मोकळे. मी लगेच ओळखलं. समोर एक विधवा बाई होती. नवरा काय म्हणतो, तिला ऐकायचं होतं. ही डोळे मिटून बोलत होती, सावकाश. ‘त्याला तहान लागलीय. तो म्हणतो, तू रांजण दुसऱ्या कोपऱ्यात का नेला?’ बाई हंबरडा फोडून रडली. तोच हात होता. तोच नेमका तपशील, नेमक्या जागी थांबणं, जे मी नववीच्या वहीत पाहिलं होतं.

तिनं डोळे उघडले, तिला मी दिसले. ‘देवी पाणी मागती, अन् ह्या माझ्या शाळेतल्या इंग्रजीच्या मॅडम हायेत’ असं सासूला म्हणून ती आत गेली आणि मला खुणावलं. आत चुलीपाशी आम्ही दोघीच.

मी रडायला लागले. म्हणाले, ‘माझ्यामुळं झालं. मी आत्ता बाहेर जाऊन सांगते, ही माझी विद्यार्थिनी आहे, हे सगळं तिनं पुस्तकावरून...’

‘येड्या झालात का मॅडम?’ तिनं माझं मनगट धरलं. ‘पहिली दोन सालं लई मारलं इथं. अंगात आलं तवापासून कोणी हात लावला न्हाई. थोरलीला शाळेत घालायची न्हाई म्हणत होते. देवीनं सांगितलं, मंग घातली. धाकटीला बी घालायचीय. तुम्ही खरं सांगितलं की दोघीबी घरात.’

‘पण तू लिहीत होतीस.’

‘आता बी रोज रचूनच राह्यले की,’ ती म्हणाली. ‘वही ठेवता येत न्हाई, तेवढंच.’

तेवढ्यात सासू आत आली. माझ्याकडं निरखून पाहत म्हणाली, ‘तुम्ही हिच्या शाळेतल्या मॅडम म्हणं. एक विचारते. ढोंग करती म्हणतेत काही लोक. शाळेत असताना येत होतं का हिच्या अंगात?’

ती चुलीकडं तोंड करून उभी होती. फुंकणी हातात, पण फुंकत नव्हती.

‘हो,’ मी म्हणाले. ‘नववीत असल्यापासून. मी डोळ्यांनी पाहिलंय.’

सासूचा चेहरा उजळला. तिनं मला हाताला धरून मांडवात नेलं आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, इंग्रजीच्या मॅडम आहेत, त्यांनी स्वतः पाहिलंय. बायका माझ्याकडं मोठ्या आदरानं बघायला लागल्या. ती येऊन जागेवर बसली. सोबतच्या मॅडमनी मला कोपरानं ढोसलं, पाया पडा म्हणून. मी वाकले आणि कपाळ तिच्या पायांवर टेकवलं.

तिनं पाय मागं घेतले नाहीत.