उपवासाला दोन चमचे

आईला मधुमेह होता, पण त्याचा कारभार बाबांकडे होता. तिने काय खायचं, किती चालायचं, चहात काय घालायचं नाही, हे सगळं ते ठरवायचे आणि ती "बरं" म्हणायची. बाबा अंबरनाथच्या सरकारी फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. बाहेरून येणारा माल तपासायचा, मापात बसला तर पास, नाही तर रिजेक्ट, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. घरातही त्यांचं बोलणं याच दोन शब्दांवर चालायचं. भाजी पास, शेजारी रिजेक्ट. मला बघायला आलेली दोन स्थळंही त्यांनी अशीच रिजेक्ट केली होती. त्याबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहायचो आणि मी मोरिवलीच्या बाजूला एका रंगाच्या कंपनीत अकाउंट्सला होते. आईला साखर उतरवायच्या गोळ्या फॅक्टरीच्या दवाखान्यातून मिळायच्या, फुकट, खाकी कागदाच्या पाकिटात. फुकट मिळणाऱ्या वस्तूला आमच्याकडे कधीच मान नव्हता. आई त्यांना 'सरकारी गोळी' म्हणायची, रेशनच्या तांदळाबद्दल बोलावं त्या सुरात. कधी घ्यायची, कधी विसरायची.

एके दिवशी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच चाललं तर इंजेक्शन सुरू करावं लागेल. आई घरी आली आणि चप्पल न काढताच खुर्चीवर बसली. तिच्या आईला शेवटी इंजेक्शनं सुरू झाली होती आणि पुढे पाय कापावा लागला होता. इंजेक्शनामुळेच पाय गेला, असं आईच्या डोक्यात पक्कं बसलेलं. "मला ते सुईचं नको हो," ती बाबांना म्हणाली, "बाकी तुम्ही सांगाल ते खाईन." एवढं बोलायला नको होतं तिने. पुढचं वर्षभर ओळखीपाळखीतल्या प्रत्येकाने तिला खायला घातलं.

कारल्याचा रस आला, भिजवलेल्या मेथ्या आल्या, जांभळाच्या बियांचं चूर्ण आलं. बदलापूरच्या पलीकडच्या पाड्यावरून लाकडाच्या मोळ्या घेऊन येणाऱ्या एका बाईकडून बाबांनी बिबळ्याच्या लाकडाचा पेला मिळवला. त्यात रात्री ठेवलेलं पाणी सकाळी तांबूस व्हायचं आणि ते आईने उपाशीपोटी प्यायचं. स्वयंपाकघरातल्या एका फळीवर हे सगळं मांडलेलं असे. आईच्या लोणच्याच्या बरण्या त्या फळीवरून खाली जमिनीवर आल्या. त्यातलं काही लागू पडलं की नाही, ते कळायचा एकच मार्ग होता, बाबांची नळी.

ही नळी म्हणजे काचेची परीक्षानळी. तेव्हा घरच्या घरी लघवी तपासायची पद्धत होती. निळं औषध नळीत घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि गॅसवर धरून तापवायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, मग पिवळं, मग विटकरी, अशी साखर वाढत जायची. बाबा रोज सकाळी आंघोळ करून, सोवळ्यात असल्यासारखे ओट्याशी उभे राहायचे आणि चिमट्यात धरलेली नळी खिडकीच्या उजेडात बघायचे. आई दारात उभी. ती नळीकडे बघत नसे, बाबांच्या तोंडाकडे बघायची. "रिजेक्ट," ते म्हणायचे. वर्षभर रोज सकाळी माझ्या आईने हा शब्द ऐकला, आणि तो माणूस तिला एकदाही "जाऊ दे गं" म्हणाला नाही.

पावडर आली ती उल्हासनगरहून. आमच्या भजनी मंडळातले एक निवृत्त गृहस्थ कॅम्प चारमध्ये राहायचे आणि घरीच मधुमेहाची पावडर बनवून द्यायचे. सगळे त्यांना काका म्हणायचे. एका कापडाच्या दुकानाच्या मागच्या जिन्याने वर गेलं की त्यांची खोली. जिन्यावर ही गर्दी. आपल्या मंडळातला माणूस, कपाळाला गंध, जाहिरात नाही, पैसेही 'द्याल ते द्या'. बाबांनी एवढ्यावर विश्वास ठेवला. फॅक्टरीत आलेल्या एका खिळ्यालाही ते माप लावल्याशिवाय आत घेत नसत. ही पावडर बेबीफूडच्या जुन्या डब्यात घरात आली आणि डब्यात काय आहे, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. कुणी विचारायला गेलं तर काका हसून म्हणायचे, "सगळी मुळं-पानं आहेत, देवाने दिलेली."

सकाळ-संध्याकाळ एक-एक चमचा. आई ती चमच्याने घ्यायची नाही. उजव्या हाताचा तळवा खोलगट करून पुढे करायची, तीर्थ घेतात तसा, बाबा त्यावर पावडर घालायचे आणि ती डोळे मिटून तोंडात टाकायची. मग कडूने तिचं सगळं तोंड वेडंवाकडं व्हायचं आणि तशातच ती हसायची.

चौथ्या-पाचव्या सकाळी नळी निळी राहिली. बाबांनी मला हाक मारून दाखवली. स्वच्छ, आभाळासारखी निळी. मग त्यांनी ती आईच्या हातात दिली. तिने ती दोन्ही हातांनी धरली. "पास ना?" ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. त्या दिवशी बाबांनी सरकारी गोळ्यांचं पाकीट केराच्या डब्यात टाकलं. माझाही विश्वास बसला. डोळ्यांनी दिसत होतं, न बसून काय करणार.

काकांनी एक नियम सांगितला होता. उपवासाला दोन चमचे. कारण आपला उपवास म्हणजे साबुदाणा, बटाटा, रताळं, सगळी साखरच. म्हणून उपवासाच्या दिवशी डोस दुप्पट. एकादशीला, चतुर्थीला आई दोन-दोन चमचे घेऊ लागली. अधूनमधून तिला अकराच्या सुमाराला घाम फुटायचा, हात थरथरायचे आणि भुकेने जीव कासावीस व्हायचा. बाबा म्हणायचे, "अंगातली साखर बाहेर पडतेय, घाम येणारच." आई खिचडीची बशी ओढून घ्यायची आणि थोड्या वेळाने बरी व्हायची. साबुदाणाच तिला वाचवत होता, हे आम्हाला नंतर कळलं.

मग हरतालिका आली. हा उपवास निराळा. यात साबुदाणा नाही, फळ नाही, पाण्याचा थेंबही नाही. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, दरवर्षीसारखी गणपतीला आमच्याकडे आली होती. सकाळी माझं नि तिचं वाजलं. मी म्हटलं, आईने निर्जळी करायचं काही कारण नाही, तिला मधुमेह आहे. आत्या म्हणाली, "तू स्वतः करत नाहीस ते नाहीस, वहिनीला तरी करू दे. म्हणून तर तुझं अजून जमत नाही." आई मधे पडली. "वर्षातून एकदा तर असतो. आता तर साखरही पास झालीय. काय होतंय मला?"

प्रश्न फक्त पावडरीचा उरला. निर्जळीला औषध चालतं का? आत्याने निकाल दिला. गोळी असती तर उपवास मोडला असता, पण ही मुळं-पानं आहेत. पार्वतीने याच व्रतात पानं खाऊन तप केलं, मग पानांच्या पावडरीने कुणाचा उपवास मोडेल? फक्त पाणी घ्यायचं नाही, कोरडीच गिळायची. आणि बाबा म्हणाले, उपवास आहे, म्हणजे दोन चमचे. नियम तो नियम. मी चिडून पर्स उचलली आणि कामाला गेले. भांडले ते पाण्यावरून, पावडरीचं माझ्याही मनात आलं नाही. आईने कोरड्या तोंडाने ते दोन चमचे गिळले.

दुपारचं मला आत्याने नंतर सांगितलं, आणि तेही अशा सुरात की जणू आई सवाष्णीचं पुण्य गाठीला बांधत होती. वाळूच्या महादेवाची पूजा झाली आणि आई थरथरायला लागली. पोलकं घामाने भिजलं. ती काहीबाही बोलू लागली, आत्यालाच आपली आई समजली. आणि मग तिने साखर मागितली. "अहो, थोडी साखर द्या हो. गुळाचा खडा तरी द्या." पुन्हा पुन्हा, लहान मुलासारखी. बाबा घरी होते, मखर करायला त्यांनी रजा घेतली होती. ते म्हणाले, "बघ, गोडाची हाव सुटलीय. साखर चढलीय हिची." आत्या म्हणाली, "वहिनी, रात्री बाराला रुईच्या पानावरचं दही चाटायचं, तोवर कळ काढा." एकाने मधुमेह म्हणून साखर नाकारली, दुसरीने व्रत म्हणून. मग बाबांनी डबा उघडला. आईने सवयीने हात पुढे केला, आणि त्यांनी त्यावर आणखी एक चमचा घातला.

ती झोपली. दमली असेल म्हणून दोघांनी तिच्या अंगावर शाल घातली आणि मखराला पताका लावत बसले.

मी संध्याकाळी आले तेव्हा आई घोरत होती, पण हाका मारून, हलवून जागी होईना. अंग गार आणि ओलं. आम्ही तिला रिक्षात घालून उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि धावपळ सुरू झाली. शिरेतून साखर द्यायला लागले. सुई नको म्हणून जिने वर्षभर कडू गिळलं, तिच्या दोन्ही हातांत सुया होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "साखरेच्या कुठल्या गोळ्या घेतात या?" बाबा ताठ उभे राहिले. "एकही नाही. सगळ्या बंद केल्यात मी." डॉक्टर म्हणाले, "शक्य नाही. गोळीशिवाय साखर इतकी उतरत नाही. आणखी काय देता?" तेव्हा मी घरी जाऊन तो डबा आणला.

दुसऱ्या दिवशी आईने डोळे उघडले. फक्त डोळेच उघडले. मेंदू फार वेळ साखरेवाचून राहिला, असं डॉक्टर म्हणाले, किती परत येईल ते सांगता येत नाही. त्याच सकाळी बाबा गणपती घेऊन घरी आले, कारण मूर्ती आधीच सांगून ठेवलेली होती. आत्याने मोदक केले. हॉस्पिटलात माझ्यासाठी डबा आला, तो मी न उघडता परत पाठवला.

डॉक्टरांनी लॅबला पाठवलेली पावडर तपासून आली. त्यात मुळं-पानं होती आणि त्यात साखर उतरवणाऱ्या गोळ्यांचा भुगाही होता, भरपूर. म्हणजे बाबांनी केराच्या डब्यात टाकलेली जी गोळी आई माप धरून घ्यायला कंटाळायची, तीच ती चमच्याने, बिनमापाची खात होती. बाबांनी हे ऐकलं आणि ते म्हणाले, "म्हणजे औषध होतंच त्यात." पोलिसांत जायचं नाही, मंडळातला माणूस आहे, बोभाटा होईल, हेही त्यांनीच ठरवलं. मी एकटी कॅम्प चारला गेले. काका शांतपणे म्हणाले, "बेटा, आईंनी पथ्य पाळलं नसेल." मी आवाज चढवला तर जिन्यावरची माणसं मलाच म्हणाली, "मॅडम, लाइन में आओ ना." त्यांच्यापुढे त्या दिवशी मी हरले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

बाबा रिटायर झाल्यावर आम्ही बदलापूरला ब्लॉक घेतला. आई हात धरून चालायची, भरवलं की खायची. बोलणं जवळपास संपलं होतं. मला कधी ओळखायची, कधी आत्याच्या नावाने हाक मारायची. नळी आणि निळं औषध बाबांनी बदलापूरला आणलं नाही. ते आईचे केस विंचरायचे, तिला गॅलरीत बसवायचे, सगळं नीट करायचे. पण चूक झाली, असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

नव्वदच्या दशकातल्या एका रविवारी त्यांचे फॅक्टरीतले एक जुने सोबती भेटायला आले. आईची चौकशी झाली, चहा झाला. मग ते जरा पुढे सरकून म्हणाले, "साहेब, मिसेसची शुगर कंट्रोलच होत नाही बघा. वहिनींची मागे एकदम डाऊन आली होती ना? ती पावडर कुठची हो?"

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी कप बशीत ठेवला. "कॅम्प चार," ते म्हणाले, "कापडाच्या दुकानाच्या मागून जिना आहे. आता त्यांचा मुलगा बसतो. माझं नाव सांगा."

मी त्या पाहुण्यांना सगळं सांगितलं, बाबांच्या तोंडावर, एक अक्षरही न गाळता. ते कसनुसं हसले आणि म्हणाले, "प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते."

आई शेजारच्या खुर्चीत होती. आमच्या बोलण्यातला 'पावडर' हा शब्द तिला कळला होता. तिने उजवा हात पुढे केला होता, तळवा खोलगट करून, आणि ती बाबांच्या तोंडाकडे बघत होती. तो हात कुणी खाली घेईना. मी आत जाऊन साखर आणली आणि तिच्या तळव्यावर ठेवली. तिने डोळे मिटून ती तोंडात टाकली, आणि कडू लागल्यासारखं तोंड वेडंवाकडं करून हसली.